सात एकाचा, बारा दुसऱ्याचा

कंपनी बंद केली, राउटर भंगारात दिला, गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हवाली केली, म्हणजे ते नेटवर्क संपलं असं सगळेच धरून चालतात. खानदेशात हा समज तपासून पाहण्याची गरज जास्त आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या तालुक्याच्या गावांत केबल टीव्हीची वायर ओढणारे लोकच पुढे इंटरनेट देऊ लागले. त्यांतल्या हिमतीच्या लोकांनी दुसऱ्याचं नेट नुसतं पुढे विकण्याऐवजी स्वतःचे आयपी पत्ते आणि स्वतःचा एएस क्रमांक घेतला. मग मोबाइल डेटा स्वस्त झाला, मोठ्या कंपन्यांचं फायबर आलं. कुणी धंदा विकला, कुणी शटर ओढलं. राउटर गेला, पण क्रमांक नोंदवहीत तसाच राहिला. आणि असा विसरलेला क्रमांक चालू नेटवर्कपेक्षा जास्त घातक ठरू शकतो.

एएस म्हणजे ऑटोनॉमस सिस्टिम, एका मालकाच्या ताब्यातलं आणि एकाच धोरणाने चालणारं नेटवर्क. भारतात हा क्रमांक आयरिन ही नोंदणी संस्था देते आणि तिच्या वर आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनची एपनिक आहे. आधी हे क्रमांक १६ बिटांचे होते, म्हणजे एकूण ६५,५३६. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर २००७ मध्ये ३२ बिटांच्या क्रमांकांचं मानक आलं. गाडीच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज शुभ यावी म्हणून लोक जादा पैसे मोजतात. त्या अंकशास्त्राला गाडीच्या बाबतीत आधार नाही आणि इथेही नाही. क्रमांक चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरतं, तो आज कोण वापरतो आहे.

मुंबईहून भुसावळला आलेल्या गाडीने पुढे इटारसीची वाट धरायची की अकोला-नागपूरची, हे वेळापत्रकात आधीच ठरलेलं असतं. इंटरनेटला असं वेळापत्रक नाही आणि ते आखणारं बोर्डही नाही. प्रत्येक एएस आपल्या शेजाऱ्याला सांगतो, ‘या पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून जा.’ शेजारी त्या निरोपात आपला क्रमांक जोडतो आणि पुढे सांगतो. १९८९ पासून वापरात असलेल्या या पद्धतीला बीजीपी म्हणतात. सांगणारा खरं बोलतो आहे का, हे तपासण्याची सोय मूळ बीजीपीत नाही. दोन दावे आले तर निवड अशी होते: ज्याने पत्त्यांचा जास्त बारीक तुकडा सांगितला तो जिंकतो, तुकडा सारखाच असेल तर आधी प्रत्येकाचं व्यापारी धोरण लागू होतं आणि मग ज्याच्या वाटेत कमी क्रमांक आहेत तो जिंकतो.

हे किती नाजूक आहे ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसलं. देशात यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २५६ पत्त्यांचा एक तुकडा, /२४, आपल्याकडे वळवला आणि ती घोषणा देशाबाहेर निसटली. यूट्यूब स्वतः १,०२४ पत्त्यांचा /२२ जाहीर करत होतं. बारीक तुकडा जिंकला आणि जगभरची यूट्यूबची रहदारी पाकिस्तानकडे वळू लागली. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने तोच /२४ आणि मग त्याहून बारीक /२५ जाहीर केले; सव्वादोन तासांत वाट पूर्ववत झाली. मालक जागा होता, त्याची गिऱ्हाइकं ओरडत होती, त्याच्याकडे चालू राउटर होता, म्हणून हे जमलं. झोपलेल्या नेटवर्ककडे या तिन्हींपैकी काहीच नसतं.

सातबारा पाहिलेल्याला पुढचं सोपं जाईल. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, बारा सांगतो तिच्यात यंदा काय पेरलं. इंटरनेटचा सात म्हणजे नोंदणी संस्था रोज प्रसिद्ध करते ती वाटपाची फाइल. तिच्यातली एक ओळ, रोमन अक्षरं देवनागरीत करून आणि नमुन्यासाठी राखलेला क्रमांक घालून, अशी दिसते: एपनिक|आयएन|एएसएन|६४४९६|१|२०१२०६१४|अलोकेटेड. नोंदणी संस्था, देश, प्रकार, क्रमांक, किती दिले, तारीख, स्थिती. बारा म्हणजे जगभरच्या राउटरांत प्रत्यक्ष दिसणाऱ्या वाटांची यादी. एक लाखाहून अधिक एएस क्रमांक वाटले गेले आहेत आणि वाटांत त्यातले पाऊण लाखाच्या आसपास दिसतात. बाकीच्यांच्या बारावर ‘पड’ आहे; काहींची चालू पड, काहींची कायम पड. आपल्याकडे गावाबाहेर राहणाऱ्याच्या पडीक वावराचा बांध कोरला जातो. इथेही तेच होतं, फक्त कोरणारा दुसऱ्या खंडात बसलेला असू शकतो.

आता मुख्य यंत्रणा. बीजीपीतली खोटी घोषणा रोखायला आरपीकेआय ही सही-शिक्क्याची व्यवस्था आली. तिच्यात पत्त्यांचा मालक एक डिजिटल दाखला काढतो, त्याला आरओए म्हणतात: ‘२०३.०.११३.०/२४ हा गट ६४४९६ या क्रमांकानेच जाहीर करावा.’ तपासणी करणारा राउटर आलेली वाट या दाखल्याशी ताडतो आणि जुळत नसेल तर फेकून देतो. पण तो ताडतो काय? वाटेतला फक्त शेवटचा, उजवीकडचा क्रमांक, म्हणजे उगम. बाकीची वाट ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेली असते, तिच्यावर कुणाची सही नसते. म्हणजे ६४५११ हा लबाड ‘६४५११ ६४४९६’ अशी वाट लिहून पाठवू शकतो. उगम ६४४९६ आहे, दाखला जुळतो, राउटर म्हणतो वाट वैध.

चालू नेटवर्कवर ही युक्ती पुरती चालत नाही. खरा ६४४९६ तोच गट स्वतः जाहीर करत असतो. त्याच्या वाटेत एक क्रमांक कमी असतो, त्यामुळे जगाचा मोठा भाग खऱ्याच वाटेने जातो. लबाडाने बारीक तुकडा सांगायचा म्हटलं तर आरओएमधली कमाल लांबी, म्हणजे गटाचा किती बारीक तुकडा चालेल याची मर्यादा, आडवी येते, अर्थात ती सैल ठेवलेली नसेल तर. झोपलेल्या नेटवर्कच्या बाबतीत मात्र खरी वाट अस्तित्वातच नाही. खोट्या वाटेशी स्पर्धा करायला कुणी नाही, म्हणून तिची लांबी निरर्थक ठरते आणि सगळं जग ती एकमेव वाट म्हणून स्वीकारतं. जुना आरओए इथे संरक्षण करत नाही, तोच चोराचा परवाना होतो. अपहरण, म्हणजे दुसऱ्याचे पत्ते आपल्याकडे वळवणं, पकडणाऱ्या नेहमीच्या यंत्रणा ‘एका गटाला दोन उगम दिसले’ की घंटा वाजवतात. इथे उगम एकच आहे आणि कागदोपत्री बरोबरही आहे. तक्रार करायला गिऱ्हाईक नाही. काळ्या यादीत नाव नसलेले पत्ते मिळाल्यामुळे चोर निवांत स्पॅम पाठवतो आणि काही दिवसांत निघून जातो. मागे उरतो तो जुन्या मालकाच्या नावावरचा डाग.

दुसरी वाट कागदाची आहे आणि तिला तांत्रिक ज्ञान फारसं लागत नाही. नोंदणीत मालकाचा ईमेल असतो, तो बहुधा कंपनीच्या डोमेनवर. कंपनी बंद झाली की डोमेनचं नूतनीकरण कोण करतो? ते सुटलं की कुणीही हजारभर रुपयांत घेऊ शकतो. मग नोंदणी खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच्याच पेटीत येते. तो जुन्या कंपनीच्या नावाने एखाद्या मोठ्या सेवादात्याला पत्र देतो, ‘आमचे हे पत्ते तुमच्यामार्फत जाहीर करा.’ सेवादाता नोंदणी पाहतो, ईमेल जुळतो, वाट चालू. २०११ मध्ये अडचणीत आलेल्या एका रशियन सेवादात्याचे पत्ते याच मार्गाने अमेरिकेतून काही महिने वापरले गेले.

याच्यावर पहारा ठेवणं चालू नेटवर्कवर पहारा ठेवण्यापेक्षा सोपं आहे, हे मला या विषयातलं सगळ्यात आशादायक सत्य वाटतं. चालू नेटवर्कच्या घोषणा सारख्या बदलतात. त्यातली खोटी ओळखणं कठीण. झोपलेल्या नेटवर्ककडून मात्र शून्य घोषणा अपेक्षित असतात. एकही दिसली तरी ती बातमी आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने अपहरण ओळखणारी पेटी’ विकायला येणाऱ्यांना हे विचारून पाहावं, की सात आणि बारा ताडण्यापलीकडे तुमची पेटी काय करते. ते ताडायला साधा संगणक आणि फुकट मिळणाऱ्या फायली पुरतात.

वाटपाची फाइल रोज उतरवावी आणि तिच्यातल्या दिलेल्या क्रमांकांची यादी करावी. बारासाठी दोन सार्वजनिक साठे आहेत. युरोपच्या राइप संस्थेची आरआयएस दर आठ तासांनी पूर्ण चित्र आणि दर पाच मिनिटांनी बदल देते. ओरेगॉन विद्यापीठाचं राउटव्ह्यूज दर दोन तासांनी चित्र आणि दर पंधरा मिनिटांनी बदल देतं. दोन्हींच्या फायली एमआरटी साच्यात असतात, बीजीपीडंप नावाच्या मोफत साधनाने त्या वाचता येतात. प्रत्येक वाटेतले सगळे क्रमांक काढावेत. नुसता उगम पाहून भागत नाही, कारण झोपलेला क्रमांक मधला दुवा म्हणूनही घुसवला जातो. लागोपाठ तोच क्रमांक आला तर एकदाच धरावा. ६४५१२ ते ६५५३४ हे खासगी क्रमांक गाळावेत. मग प्रत्येक क्रमांकापुढे चार गोष्टी ठेवाव्यात: पहिल्यांदा केव्हा दिसला, शेवटचा केव्हा, त्याच्या डावीकडचा सेवादाता कोण आणि किती गट जाहीर केले. महिनाभर न दिसलेला क्रमांक चालू पडीत, वर्षभर न दिसलेला कायम पडीत टाकावा. हे आकडे सोयीचे आहेत, ज्याने त्याने आपल्या अनुभवाने बदलावेत.

चुकतं कुठे? पहिली चूक बोटांची असते. आपली वाट लांब दिसावी म्हणून स्वतःचाच क्रमांक दोन-तीनदा लिहिण्याची पद्धत आहे. लहान सेवादात्यांच्या आवडत्या मायक्रोटिक राउटरच्या एका आज्ञेत फक्त ‘किती वेळा’ ते लिहायचं असतं. सिस्कोवर पूर्ण क्रमांक तितक्या वेळा लिहावा लागतो. मायक्रोटिकची सवय असलेल्याने सिस्कोवर ‘३’ लिहिलं की वाटेत एएस ३ उमटतो, जो अमेरिकेतल्या एमआयटीचा आहे. ‘२’ लिहिलं तर डेलावेअर विद्यापीठ. म्हणून एक-दोन आकडी क्रमांक अचानक दिसला तर आधी टंकनदोष समजावा. तसंच एखाद-दुसऱ्या निरीक्षकालाच, म्हणजे या साठ्यांना आपल्या वाटा कळवणाऱ्या राउटरलाच, दिसणारी वाट गोंगाट धरावी. तीन-चार वेगळ्या निरीक्षकांनी पाहिली तर ती खरी.

दुसरी चूक उलट दिशेची: न दिसणारा क्रमांक झोपलेलाच असतो असं नाही. इंटरनेट एक्स्चेंज म्हणजे अनेक नेटवर्क एकमेकांना जोडली जातात ती जागा; तिथे सगळ्यांचे निरोप एकमेकांना पोचवणारा राउट सर्व्हर सहसा आपला क्रमांक वाटेत जोडतच नाही, त्यामुळे तो चोवीस तास काम करूनही यादीत उमटत नाही. कुणी क्रमांक फक्त राखीव जोडणीसाठी ठेवतो आणि मुख्य फायबर तुटल्यावरच तो जागा होतो. म्हणून जाग आली एवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नये. पुढचे प्रश्न विचारावेत. सेवादाता पूर्वीचाच आहे का? धुळ्याचा क्रमांक अचानक युरोपातल्या अनोळखी सेवादात्यामागे कसा? जाहीर केलेले गट त्याच मालकाचे आहेत का? संपर्काचा ईमेल किंवा आरओए गेल्या काही दिवसांतच बदलला का? डोमेन नुकतंच नव्याने नोंदलं गेलंय का? आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे वर्षानुवर्षं निजलेले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच क्रमांक एकाच आठवड्यात, एकाच सेवादात्यामागे जागे होणं. असं झालं तर पुराव्यासकट त्या सेवादात्याला आणि नोंदणी संस्थेला तत्काळ कळवावं.

ज्याच्याकडे असा क्रमांक पडून आहे त्याच्यासाठी उपाय हाताशी आहेत. न वापरत असलेल्या पत्त्यांसाठी एएस शून्याचा आरओए काढावा. शून्य हा क्रमांक कुणालाच देत नाहीत, त्यामुळे त्या दाखल्याचा अर्थ होतो: हा गट कुणीच जाहीर करू नये. त्यातला कितीही बारीक तुकडा आला तरी तपासणी करणारे राउटर तो फेकतात. मात्र जुना आरओए काढून टाकल्याशिवाय हा उपाय लागू होत नाही. दाखल्यांपैकी एक जरी जुळला तरी वाट वैध ठरते, म्हणून शून्याचा दाखला जुन्याला रद्द करत नाही. बदलानंतर एका दिवसाने राइपस्टॅट या राइपच्या संकेतस्थळावर, जुना दाखला गेला आणि शून्याचा लागला, हे दोन्ही तपासावं.

यात पत्त्यांचं रक्षण होतं, क्रमांकाचं नाही. चोर ६४४९६ हा क्रमांक दुसऱ्या कुणाच्या, दाखला नसलेल्या पत्त्यांपुढेही लावू शकतो. त्यासाठी ऐस्पा नावाचा नवा दाखला आहे, ज्यात आपले अधिकृत सेवादाते कोण ते जाहीर करायचं आणि कुणीच नसेल तर शून्य लिहायचं. सगळे राउटर तो अजून तपासत नाहीत, म्हणून क्रमांक लागणारच नसेल तर तो परत करणं सर्वांत चांगलं. पत्तेही कुणाला तरी हवेच आहेत: एपनिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यात गेला आणि नव्या सभासदाला आता फार तर ५१२ आयपीव्ही४ पत्ते मिळतात. परत करताना क्रम पाळावा. आधी सेवादात्याला लेखी कळवून त्याच्या फिल्टरमधून, म्हणजे कुणाच्या घोषणा स्वीकारायच्या त्या यादीतून, आपली नोंद काढून घ्यावी, मग राउटिंग नोंदवहीतल्या (कोणता गट कोणता क्रमांक जाहीर करतो याच्या सार्वजनिक वहीतल्या) जुन्या नोंदी आणि आरओए पुसावेत, मग क्रमांक आणि पत्ते परत करावेत. डोमेन सगळ्यात शेवटी सोडावं, परतीची नोंद फाइलमध्ये दिसल्यानंतर आणखी एक वर्ष भरून.