इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप आणि सॉफ्टवेअर अपडेट

सॉफ्टवेअर अपडेटमुळे इलेक्ट्रिक मोटारीचा प्रवेग, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘पिकअप’, कमी होऊ शकतो. तसे घडलेलेही आहे. पण अपडेटनंतर गाडी मंद वाटली की दोष अपडेटचाच, असे धरून चालत नाही. सोलापुरात तर नाहीच, कारण इथे एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४२ अंशांवर जातो आणि बॅटरीला ते ऊन माणसाइतकेच लागते.

इलेक्ट्रिक गाडीत पेडल दाबणे ही फक्त मागणी असते. ती किती पुरवायची हे मोटर कंट्रोलर ठरवतो आणि बॅटरीतून किती करंट घेऊ द्यायचा हे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस, ठरवते. सेलचे तापमान, व्होल्टेज आणि उरलेले चार्जिंग पाहून ही मर्यादा क्षणाक्षणाला बदलत असते. मर्यादेचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये असतात. ते बदलले की मोटर तीच, बॅटरी तीच, तरी गाडीचा जोर वेगळा.

टेस्लाने डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या एका प्रकारासाठी २,००० डॉलरला असाच जोर विकायला काढला. नुसत्या अपडेटने ताशी ६० मैलांचा वेग ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत येऊ लागला. उलट दिशेचे उदाहरणही त्याच वर्षीचे आणि त्याच कंपनीचे आहे. मे २०१९ च्या एका अपडेटने काही मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीच्या कमाल व्होल्टेजवर मर्यादा घातली. मालकांची तक्रार मुख्यतः रेंज घटल्याची होती. पण व्होल्टेज उतरले की तेवढ्याच करंटला ताकदही कमी मिळते. अमेरिकेतला तो दावा २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर मिटला आणि १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी ६२५ डॉलर देण्याचे ठरले. बॅटरी जपण्यासाठी मर्यादा घालणे चूक नाही. न सांगता घालणे चूक आहे.

अशी घट नेमकी कुठे जाणवते, हे समजून घेण्यासारखे आहे. सुरुवातीच्या वेगात मोटरला टॉर्कची, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराची, मर्यादा असते, पुढे ताकदीची (किलोवॉटची). म्हणून अपडेटने फक्त कमाल किलोवॉट उतरवले असतील, तर सात रस्त्याच्या सिग्नलवरून निघताना काहीच कळणार नाही. कळेल ते पुणे महामार्गावर. गळीत हंगामात मोहोळच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा असतो, त्याला मागे टाकायला ६० वरून ९० गाठायचे असतात, आणि पेडल तळाला टेकवूनही गाडी रेटत नाही. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची ताकद सुमारे ९५ किलोवॉट होती. तेवढी ताकद असलेली, माणसांसकट १,५५० किलो वजनाची गाडी धरली, तर ताशी १०० किलोमीटरला तिच्यात सुमारे ६ लाख जूल ऊर्जा साठते. वारा आणि घर्षण बाजूला ठेवून, सगळी ताकद पहिल्यापासून मिळाली असे मानले, तर तो वेग गाठायला ६.३ सेकंद लागतील. ताकद दहा टक्के कमी केली तर ७. रस्त्यावरचे आकडे यापेक्षा मोठे येतात, पण फरक साधारण या मापाचा असतो.

आता उन्हाविषयी. भर दुपारी टेंभुर्णीच्या बाजूला फास्ट चार्जिंग करून लगेच निघालेल्या गाडीची बॅटरी चार्जिंगनेच तापलेली असते. खालून डांबर भाजत असते, आत एसी पूर्ण चालू असतो, आणि लिक्विड कूलिंगच्या बऱ्याच गाड्यांत एकाच कॉम्प्रेसरला माणसे आणि बॅटरी दोन्ही थंड करायची असतात. अशा वेळी बीएमएस हात आखडता घेते. मार्चअखेर सर्व्हिसिंग केले, तिथे अपडेट मारले, पुढच्या आठवड्यात ऊन चढले की संशय अपडेटवर जातो. ओळखायची खूण सोपी आहे: उन्हाने गेलेला पिकअप पहाटे सहाला परत येतो, अपडेटने नेलेला येत नाही.

आणखी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. अपडेटनंतर ड्राइव्ह मोड कधी कधी इकोवर जाऊन बसतो, किंवा रीजनची, म्हणजे गाडी मंदावताना बॅटरीत परत चार्जिंग भरणाऱ्या ब्रेकिंगची, पातळी वाढते आणि पाय उचलताच गाडी कुणी मागे ओढल्यासारखी वाटते. दुसरे म्हणजे, स्क्रीनचे अपडेट वेगळे आणि बीएमएस किंवा कंट्रोलरचे वेगळे. नकाशे आणि गाणी बदलणाऱ्या अपडेटचा मोटरशी संबंध नसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप लावून काही केले असेल, तर कशाचे अपडेट केले ते विचारून जॉबकार्डवर लिहून घ्यावे.

खात्री करायची तर अपडेटच्या आधी आणि नंतर मोजावे. सकाळची वेळ, सपाट मोकळा रस्ता, चार्जिंग ७० ते ८० टक्के, टायरची हवा तीच, माणसे तीच, मोड तोच. शेजारी बसलेल्याने स्पीडोमीटरचा व्हिडिओ घ्यावा आणि २० ते ६० व ६० ते ९० अशा दोन टप्प्यांचे सेकंद व्हिडिओवरून काढावेत. चढ-वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून जाताना आणि येताना तीन-तीन वेळा. स्पीडोमीटर थोडा जास्त वेग दाखवत असला तरी दोन्ही वेळी तेवढाच दाखवतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १५६ क्रमांकाच्या नियमानुसार, हवेतून, म्हणजे मोबाइल नेटवर्क किंवा वाय-फायवरून, येणारे अपडेट गाडीत चढण्यापूर्वी त्याचा हेतू आणि त्याने होणारे बदल वापरणाऱ्याला सांगावे लागतात. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. भारत त्यामागच्या १९५८ च्या करारात नाही. इथल्या मालकाला आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगातच दाखल करता येते. तिथे ‘गाडी मंद वाटते’ एवढे पुरत नाही. जॉबकार्ड, अपडेटच्या आधीच्या आणि नंतरच्या व्हर्जन क्रमांकांचे फोटो आणि ते दोन व्हिडिओ जोडावेत.