शेकरूचे रस्ते आणि निसर्ग वादळ

भीमाशंकरला शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दिसलं की आपण पुणेकर फोटो काढतो न पुढे जातो, पण त्याचं सगळं आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जातं हे लक्षात घेतलं तरच वादळाने त्याचं काय होतं ते कळतं. ते जमिनीवर फारसं उतरतच नाही, फांदीला फांदी लागलेली असेल तोच त्याचा रस्ता. एकेक शेकरू अंजनी, जांभूळ, आंब्याच्या उंच बारीक फांद्यांवर काटक्या-पानांची बरीच घरटी बांधून ठेवतं.

मुख्यतः याच्यासाठीच १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य जाहीर झालं, साधारण १३० चौरस किलोमीटर. तोवर दाट झाडी टिकली त्याचं मोठं श्रेय देवरायांना. आहुप्याची देवराई बघा, देवाचं रान म्हणून महादेव कोळ्यांनी तिथे कुऱ्हाड चालवली नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला. पण आजूबाजूला लाकूडतोड झाली, रस्ते आले, डिंभे धरणाचं पाणी आलं न जंगलाचे तुकडे पडले, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे, सलग रानात चार झाडं पडली तर शेकरू वळसा घालून जातं, तुकड्यात वळसा घालायला जागाच नसते.

३० जुलै २०१४ ला याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. ते दुःख आधी माणसांचंच. पण असा उतार एकदा मातीसकट खाली गेला की वर उरतो कातळ न मुरूम, तिथे मोठं झाड उभं राहायला कित्येक वर्षं जातात.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं न घाट चढून पुणे जिल्ह्यातनं गेलं. जुन्नर-आंबेगावात हिरड्याचं एवढं नुकसान झालं की आदिवासी शेतकऱ्यांना भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली. हिरड्याचा निदान हिशोब तरी मागितला गेला, घरट्यांचा कोण मागणार?

त्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा एक अंजनी मुळासकट आडवी होती, शेंड्यात घरटं तसंच अडकलेलं, बाहेरनं काटक्या, आत पानांचा थर, हात घातला तर अजून मऊ. शेकरू साधारण वीस फूट उडी मारतं. वर बघितलं तर दोन झाडांच्या मधे चाळीसेक फूट नुसतं आभाळ होतं.