टोकदार दगडाखालचा माणूस

न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावच्या वुडलॉन राष्ट्रीय दफनभूमीत संगमरवरी दगडांच्या लांबलचक रांगा आहेत. माथा गोलसर असेल तर खाली उत्तरेचा सैनिक, टोकदार असेल तर दक्षिणेचा, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघू पाहणाऱ्या राज्यांचा, कॉन्फेडरेट. (उत्तरेच्या लोकांनी आमच्या दगडांवर बसू नये म्हणून टोक काढलंय, असं दक्षिणेत गमतीनं सांगतात.) अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे २६ हजार कॉन्फेडरेट सैनिक उत्तरेच्या कैदेत मेले. एल्मायराची छावणी जुलै १८६४ ते जुलै १८६५ अशी जेमतेम वर्षभर चालली. तेवढ्यात तिथे आलेल्या बारा हजार कैद्यांपैकी जवळजवळ तीन हजार हगवण, न्यूमोनिया आणि देवीच्या साथीत गेले. कैदी गावाला ‘हेलमायरा’ म्हणत. हेल म्हणजे नरक.

आज कुणाला आपला खापरपणजोबा यांपैकी कोणत्या दगडाखाली आहे हे शोधायचं असेल, तर काम कुदळीनं सुरू होत नाही. ते कागदानं होतं, आणि बहुतेक वेळा कागदावरच संपतं.

युद्ध संपल्यावर अनेक वर्षांनी अमेरिकेच्या युद्धखात्यातल्या कारकुनांनी हजेरीपट, इस्पितळांच्या वह्या, कैद्यांच्या याद्या यांतला प्रत्येक उल्लेख वेगळ्या कार्डावर उतरवला आणि एका माणसाची कार्डं एका पाकिटात घातली. कल्पना झकास, पण घोळ तिथेच. मूळ वहीत नाव लिहिणारा कारकून उत्तरेचा, नाव सांगणारा तापानं फणफणलेला दक्षिणी खेडूत, बहुधा निरक्षर. कानाला लागलं तसं नाव कागदावर उतरलं. इंग्रजी दप्तरात आपल्या शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले, तसंच हे. त्यामुळे एकच माणूस दोन पाकिटांत विभागला जातो, किंवा दोन माणसं एका पाकिटात कोंबली जातात. त्यात जॉर्जिया, लुइझियाना आणि व्हर्जिनिया यांची इंग्रजी संक्षिप्त रूपं दोन-दोन अक्षरांची आणि तिन्हींचं शेवटचं अक्षर ‘ए’. फिकट शाईत पहिलं अक्षर चुकीचं वाचलं की माणसाचं राज्यच बदलतं.

उच्चारांच्या गोंधळावर एक छान उपाय निघाला. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट घेतलेली ‘साउंडेक्स’ पद्धत. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. रीड हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहा, संकेत एकच येतो. पहिलंच अक्षर बदललं तर मात्र ही पद्धत साफ फसते, उदाहरणार्थ ‘नाइट’मधला मुका ‘के’ कारकुनानं गाळला तर.

म्हणून मुरलेला संशोधक नावापेक्षा तारखांवर विश्वास ठेवतो. पंधराव्या रेजिमेंटचा म्हणून नोंदलेला सैनिक एखाद्या लढाईत पकडला गेला म्हणता, पण ती रेजिमेंट त्या दिवशी तिथे होती का? नसेल आणि एकावन्नावी असेल, तर आकडे उलटे पडले असावेत. विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्जही उपयोगी पडतो, कारण नवरा कुठे, कधी गेला ते तिला सांगावं लागे, साक्षीदारांसह. कैद्यांची अदलाबदल व्हायची तेव्हा मेलेल्याच्या नावाला ‘हजर’ म्हणून सुटणारेही निघत. असा एखादा आडवा आला की मेलेला माणूस कागदोपत्री घरी पोचतो आणि जिवंत माणूस कुठेच सापडत नाही.

मग डीएनए कशाला आहे? आहे, पण त्याला मर्यादा आहेत. १८६४ मध्ये बुडालेली कॉन्फेडरेट पाणबुडी ‘हनली’ २००० साली वर काढली, तेव्हा आत आठ जणांचे सांगाडे होते. हाडांतल्या कार्बनवरून कळलं, की त्यांतले चौघे युरोपात वाढलेले. मका हे ज्वारी-ऊस यांच्या गटातलं पीक, गव्हाच्या मानानं ते कार्बनचा जड प्रकार जास्त घेतं. मक्यावर वाढलेल्या अमेरिकनाची हाडं त्यामुळे गव्हावर वाढलेल्या युरोपियनापासून ओळखू येतात. पण जॉर्जियाचा आणि अलाबामाचा मकेखाऊ यांच्यात कार्बन फरक करू शकत नाही. ‘हनली’वरच्या जोसेफ रिजवे याची ओळख पक्की करायला त्याच्या बहिणीची कबर उघडावी लागली, कारण आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए भावंडांत सारखा असतो. पण ती बहीण कोण, हे आधी कागदानंच सांगितलं होतं. शिवाय तिथे माणसं आठच होती. तीन हजारांच्या रांगेत नाव आधी हातात नसेल, तर नमुना जुळवायचा कुणाशी?

एल्मायरात तशी वेळ फारशी आली नाही, याचं श्रेय दफनभूमीचे रखवालदार जॉन जोन्स यांना. मूळचे व्हर्जिनियातल्या लीसबर्गचे गुलाम, १८४४ मध्ये पळून आलेले. दर दफनाला त्यांना अडीच डॉलर मिळत. २,९७३ मृतांपैकी प्रत्येकाचं नाव, तुकडी, मृत्यूची तारीख, कबरीचा क्रमांक त्यांनी टिपून ठेवला आणि तोच मजकूर डोक्याशी लाकडी फळीवर रंगवला. ज्या सैन्यासाठी ही माणसं लढली, ते जोन्स यांना मालमत्ता समजणाऱ्यांचं होतं, तरी हात आखडला नाही. १९०६ च्या कायद्यानं कायमचे दगड बसवायचं ठरलं, तोवर फळ्या कुजल्या होत्या. वही शाबूत होती. अनोळखी निघाले फक्त सात.

शोधाच्या कामात रोज उघडावी लागणारी आणखी एक नोंद म्हणजे जनगणना. १८५० पासून तीत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं. गुलामांची पानं वेगळी. तिथे वर मालकाचं नाव आणि खाली फक्त वय, लिंग, वर्ण. जोन्स पळाले नसते, तर १८५० च्या पानावर ते एवढेच उरले असते: वय बत्तीस-तेहेतीस, पुरुष, काळा.