बल्ब काढला की त्याची कामं कोण करणार? ट्राइकच्या मागच्या एलईडी दिव्यांचं वायरिंग

मोटरसायकलला मागे दोन चाकं बसवून तिची ट्राइक केली की मधला एकच टेल लाइट पुरत नाही. रात्री मागून येणाऱ्याला एकच लाल ठिपका दिसला तर तो पुढे दुचाकी आहे असं धरून चालतो आणि त्याच अंदाजाने बाजूने काढायला बघतो. म्हणून टेल आणि ब्रेक लाइट दोन्ही मडगार्डच्या बाहेरच्या कडेला हवेत, गाडीची खरी रुंदी कळेल असे. तिथे हल्ली एलईडीच लावतात आणि ते योग्यच आहे, कारण साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेते आणि एलईडी जवळजवळ त्याच क्षणी पेटतो. ताशी १०० किमी वेगात ०.२ सेकंद म्हणजे साडेपाच मीटर! मागच्याला ब्रेक मारायला तेवढं अंतर जास्त मिळतं, माझ्या मते एलईडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, वीज वाचते वगैरे नंतर.

पण बल्ब नुसता उजेड देत नव्हता, तो सर्किटचा एक भाग पण होता. त्याच्या तारेतून करंट दोन्ही दिशांनी जातो, एलईडीतून एकाच दिशेने. आणि २१ वॉटचा ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खेचतो, एलईडीला त्याचा छोटासा हिस्सा पुरतो. हे दोन फरक डोक्यात ठेवले की "ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी लागतं" टाइपचे बहुतेक प्रॉब्लेम सुटतात.

उदाहरणार्थ इंडिकेटर. बऱ्याच मोटरसायकलींवर मीटरमध्ये दोन्ही बाजूंचा मिळून एकच पायलट दिवा (इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) असतो, त्याचं एक टोक डाव्या लाइनला आणि दुसरं उजव्या. डावा इंडिकेटर दिला की करंट पायलटमधून जाऊन उजव्या बल्बांमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे, पोचतो, पण तो इतका कमी असतो की ते बल्ब पेटतच नाहीत. तिथे एलईडी लावले की तेवढाच करंट त्यांना भरपूर होतो आणि चारही दिवे एकदम लुकलुकायला लागतात. मग दोन्ही लाइनींवरून एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) घेऊन पायलटच्या एका टोकाला जोडायचे आणि दुसरं टोक अर्थ करायचं. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बल्बच्या करंटवर चालणारा असेल तर तोही बदला, एलईडीचा फ्लॅशर घ्या. लोड रेझिस्टर, म्हणजे बल्बइतकाच करंट खेचणारा रेझिस्टर, लावूनही काम भागतं, पण तो चांगलाच तापतो आणि फायबरच्या बॉडीला चिकटवून ठेवला तर बॉडी खराब करतो, मी तो लावणार नाही.

टेल आणि ब्रेकचं काम एकाच एलईडी पट्टीकडून करून घ्यायचं असेल तर ब्रेकची लाइन डायोडमधून थेट द्यायची आणि टेलची डायोड आणि रेझिस्टर दोन्हींमधून, म्हणजे टेल मंद आणि ब्रेक झगझगीत. डायोड गाळला तर ब्रेक दाबल्यावर करंट उलटा टेलच्या लाइनमध्ये घुसतो आणि नंबर प्लेटचा दिवा, मीटरचे दिवे असं काहीबाही उजळतं.

पट्टी स्वतः बनवत असाल तर थोडं गणित करावं लागतं. लाल एलईडीवर साधारण २.१ व्होल्ट पडतात. चार सिरीजमध्ये घेतले तर ८.४ झाले. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट असतील तर उरलेले ६ व्होल्ट रेझिस्टरने घ्यायचे, २० मिलीअँपिअरला ३०० ओहम. आता इंजिन बंद, बॅटरी थोडी उतरून १२ वर आली, तर करंट १२ मिलीअँपिअर, उजेड कमी झाला पण दिवा दिसतोय. हेच सहा एलईडी ओळीने लावले तर त्यांनाच १२.६ लागतात, मग उतरलेल्या बॅटरीवर ते जेमतेम मिणमिणतील. काच लाल असेल तर एलईडी पण लालच घ्या, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि पिवळा भाग जास्त, लाल भाग कमी, त्यामुळे लाल काच त्यातला बराचसा उजेड अडवते.

आणि सगळ्यात जास्त लक्ष अर्थकडे द्या. मूळ गाडीत होल्डर लोखंडाला टेकला की अर्थ मिळून जायचा, ट्राइकची मागची बॉडी बहुतेक वेळा फायबरची आणि फ्रेमवर जाड पावडर कोटिंग, दोन्हींतून करंट जात नाही. दोन फिलामेंटच्या (टेल आणि ब्रेक दोन्हींच्या तारा एकातच असलेल्या) बल्बचा अर्थ तुटला की करंट उलट्या वाटेने दुसऱ्या फिलामेंटमधून जायचा, दिवे विचित्र वागायचे आणि निदान संशय तरी यायचा. एलईडी उलटा करंट जाऊच देत नाही, तो गपचूप बंद पडतो. म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. मग ब्रेक दाबून धरून दिव्याच्या काळ्या वायरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टमीटर लावा, ०.१ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर कुठलातरी जोड खराब आहे, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) परत दाबा. हे पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने वेगवेगळं करा, दोन्ही स्विच पॅरलल असतात, त्यामुळे एक मेलेला असला तरी दोन्ही एकदम दाबल्यावर दिवा लागतो आणि काही कळत नाही.