खांदा दुखावलाय की गोठलाय?

खांदा दुखतो असं फोंड्यात कुणाला सांगून बघा, समोरचा लगेच म्हणणार, ‘फ्रोझन शोल्डर असेल’, म्हणजे खांदा गोठून आखडला असेल. माझंही तेच झालं. जिममध्ये डोक्यावर वजन ढकलताना उजव्या खांद्यात कळ आली. तरी मी हट्टानं सेट पुरा केला. दुसऱ्या दिवशी कदंबाच्या बसमध्ये वरचा दांडा धरायला हात उचलला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग जो तो सांगू लागला, हात जबरदस्तीनं वर ओढ, नाहीतर आखडेल. त्याच दिवसांत शेजारच्या काकींचा डावा खांदा खरोखर गोठत चालला होता. त्यांना मात्र घरचे म्हणत होते, ‘लचक भरलीय, तेल लाव, जाईल.’ मी ओढून ओढून दुखणं वाढवलं. काकींचे तीन महिने तेलात गेले.

खांदा दुखावला काय किंवा गोठला काय, दुखतं साधारण त्याच जागी, दंडाच्या वरच्या बाजूला. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, तेही दोन्हीत सारखंच. म्हणून गल्लत होते. बिघाड मात्र वेगळ्या ठिकाणी असतो.

खांद्याची खोबण उथळ आणि दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. तो जागेवर धरून ठेवायला चार लहान स्नायू आणि त्यांची टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. व्यायामात झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडला, की बहुतेक वेळा यातलंच एखादं टेंडन दुखावतं. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरणच सुजतं, जाड होतं आणि आकसतं. आपल्याकडे पावसात लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसतं ना, तसं. मग कुणीही ढकला, ते हलत नाही. माझं दार ठीक होतं, ते ओढणारी दोरी दुखावली होती.

हा फरक घरीही बराचसा कळतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझं कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला. थोडं दुखलं, पण पंजा डाव्या हाताइतकाच फिरला. नंतर त्यांनीच माझा हात अलगद वर नेला, तर तो कानापर्यंत गेला. मी स्वतः बाजूनं उचलला, की साधारण ६० ते १२० अंशांमध्ये कळ यायची आणि त्याच्या वर पुन्हा कमी व्हायची. काकींचं उलट. त्यांचा पंजा जेमतेम बाहेर वळायचा आणि दुसऱ्यानं फिरवला तरी तिथंच अडायचा. पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लावणं तर बंदच झालं होतं.

वय आणि प्रकृतीही पाहावी लागते. फ्रोझन शोल्डर बहुधा ४० ते ६० या वयात येतो, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असला तर धोका वाढतो. काकींना दहा वर्षांपासून साखर आहे. हे घरात कुणी खांद्याशी जोडलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझ्या दुखापतीचं. पहिले काही दिवस डोक्यावरचं वजन, डिप्स आणि बेंच प्रेस बंद ठेवले. हात मात्र गळ्यात बांधला नाही, कारण फार दिवस बांधून ठेवलेला खांदा आखडू शकतो. मग भिंतीशी उभं राहून, कोपर अंगाला धरून, मुठीनं भिंत बाहेरच्या बाजूला दाबायची: दहा सेकंद, दहा वेळा. पुढे रबरी पट्टा, मग हलकी डंबेल्स. बाईंचा नियम सोपा होता. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर नको आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं, तर वजन कमी. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना हात सतत वरच ठेवावे लागतात, म्हणून यंदा मी खालून नारळ, सुपाऱ्यांचे घोस देण्याचं काम घेतलं. दहा आठवड्यांनी बसचा दांडा बिनधास्त धरला.

फ्रोझन शोल्डर एवढ्यात सुटत नाही. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होऊन ताठरपणा उरतो, मग हळूहळू मोकळा होतो. यात एक ते तीन वर्षं जाऊ शकतात. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात डॉक्टर सांध्यात स्टिरॉईडचं इंजेक्शन सुचवतात, त्यानं बऱ्याच जणांना आराम पडतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावं लागतं.

काही वेळा मात्र घरी पारख करत बसू नका. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात उचलताच येत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खांद्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर थेट १०८ ला फोन करा, तो त्रास हृदयाचाही असू शकतो.

काकी आता रोज सकाळी तुळशीपाशी काठी दोन्ही हातांत धरून, उजव्या हाताच्या जोरावर डावा हात बाहेर ढकलतात. परवा त्यांचा हात कमरेमागे पोचला. हूक अजून चार बोटं वर आहे.