विष्णुक्रांत ओळखताना रंगावर जाऊ नका

कोल्हापुरातून पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे निघालं की गगनबावड्याचा धो धो पाऊस मागे राहतो. गायरानं, मुरमाड-वाळूसर उतार, पाणी न धरणारी जमीन. पावसाळा ओसरताना अशा माळावर, गुरांनी चरून आखूड केलेल्या गवतात टिकलीएवढं निळं फूल दिसलं, तर ती बहुधा विष्णुक्रांत. जायचं मात्र सकाळी. दुपारी फूल मिटतं आणि मग झाड पायाखाली असूनही दिसत नाही.

‘बहुधा’ म्हणायचं कारण, निळ्या रंगाच्या भरवशावर लोक केना, नभाळी अशा दुसऱ्या निळ्या रानफुलांनाही विष्णुक्रांत ठरवतात. केन्याच्या दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी अगदी लहान. नभाळीला तीन सारख्या, शिवाय पुंकेसरांवर, म्हणजे पराग धरणाऱ्या दांड्यांवर, केसांचे झुबके. विष्णुक्रांतेच्या पाकळ्या मुळी सुट्या नसतातच. पाचही एकमेकींना जोडलेल्या, फूल जेमतेम सेंटिमीटरभर, मध्ये पांढुरकं. कुळ रताळ्याचं, पण ही कशाला वेढे घालत वर चढत नाही, जमिनीलगत पसरते.

खरी खूण भिंगाखाली कळते. फुलाच्या मधल्या अंडाशयावरून, म्हणजे बी धरणाऱ्या भागावरून, दोन कुक्षीवृंत (पराग टिपणाऱ्या टोकांचे बारीक देठ) निघतात आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे फुटतात, म्हणजे दोऱ्यासारखी एकूण चार टोकं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे गफलत होत नाही. फूल नसेल तर पान बघा: एक-दोन सेंटिमीटर लांब, देठ जवळपास नाहीच, आणि अंगभर रेशमी केस. या केसांमुळे पानालगतची हवा जागच्या जागी थोपून राहते, पाणी कमी उडतं. उन्हाळ्यात वरचा पसारा वाळला तरी जमिनीखालचं लाकडासारखं टणक मूळखोड तग धरतं.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६२मध्ये हिला इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस या नावाखाली आणलं. इव्हॉल्व्ह्युलस या प्रजातीतल्या (genus) बहुतेक जाती अमेरिकेतल्या. त्यातलीच एक, गोल पानांची आणि पांढऱ्या फुलांची, आता आपल्या हिरवळींत शिरली आहे. तिच्या पेरांना मुळं फुटतात. नर्सरीत मिळणारी ठसठशीत निळ्या फुलांची जात ब्राझीलची.

सगळ्यात मोठा घोळ बाजारात. शंखपुष्पी या औषधी वनस्पतीच्या नावाने विष्णुक्रांत विकतात, गोकर्णही विकतात, आणि रताळ्याच्याच कुळातल्या कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रजातीची पांढरट-गुलाबी फुलांची जातही. या शेवटच्या जातीत कुक्षीवृंत एकच, त्याला टोकं दोन. पण वाळवून कुटलेल्या चुऱ्यात ही टोकं कुणाला दिसणार?