रॅझडुगी कशी खेळायची?

(चिप्सच्या संचासोबतचं माहितीपत्रक)

आमच्याकडून चिप्स (पैजेच्या चकत्या) नेणारे बहुतेक ग्राहक तीन पत्ती आणि टेक्सस होल्डेममध्ये मुरलेले असतात. रॅझडुगी या पत्त्यांच्या खेळात त्यांना एक सवय मोडावी लागते: इथे राजा-राणी म्हणजे अडगळ. लहान पानं जिंकतात आणि पॉटचे (मधे जमलेल्या चिप्सचे) दोन वाटे होतात, अर्धा रॅझला, अर्धा बडुगीला.

रॅझ म्हणजे हातातल्या सात पानांपैकी सगळ्यात लहान पाच. एक्का सर्वांत लहान. सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) आणि कलर (सगळी एकाच रंगाची) धरत नाहीत, जोडी मात्र नडते. म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी याच्यावर हात नाही. तुलना मोठ्या पानापासून करायची. नवे खेळाडू इथे हटकून फसतात: ८-४-३-२-एक्का दिसायला देखणा, पण ७-६-५-४-३ पुढे तो हरतो.

बडुगीला चार पानं लागतात, चारही वेगळ्या रंगांची (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) आणि वेगळ्या किमतीची. तशी चार जमली नाहीत तर तीन धरा, नाहीतर दोन. चार पानांची कितीही मोठी बडुगी तीन पानांच्या बडुगीला हरवते. तेच पान दोन्हीकडे वापरलं तरी चालतं.

वाटप असं: सगळ्यांनी बूट (पानं वाटण्याआधीचे ठरलेले चिप्स) टाकायचा. प्रत्येकाला दोन पानं झाकून, एक उघडं. ज्याचं उघडं पान सर्वांत मोठं, त्याने सक्तीची छोटी बेट (पैज) लावून सुरुवात करायची. मग एकेक करून तीन पानं उघडी, सातवं झाकून. प्रत्येक फेरीत बेटिंग, आणि चौथ्या पानापासून ज्याची उघडी पानं सर्वांत लहान तो आधी बोलतो. आमच्या संचातल्या चिप्सना बूट १, सक्तीची बेट २, पहिल्या दोन फेऱ्यांत बेट ४ आणि पाचव्या पानापासून ८ असा हिशोब बरा पडतो. सहा जणांपेक्षा जास्त बसू नका. आठ जण शेवटपर्यंत टिकले तर ५६ पानं लागतील आणि कॅटमध्ये आहेत ५२.

आता एक डाव बघा. तुमच्याकडे इस्पिक एक्का, बदाम दुर्री, चौकट चव्वी, किलवर छक्की, इस्पिक सत्ती, इस्पिक राणी, बदाम राजा. समोरच्याकडे इस्पिकची दुर्री ते छक्की आणि दोन नव्व्या, बदाम नि चौकट. रॅझमध्ये त्याची ६-५-४-३-२ तुमच्या ७-६-४-२-एक्काला मारते. पण त्याची पाचही लहान पानं इस्पिकची, त्यामुळे बडुगी जेमतेम दोन पानांची. तुमची चार पानांची. पॉट अर्धा-अर्धा.

दोघंच उरले असताना अर्धा पॉट मिळणं म्हणजे जवळपास स्वतःचेच चिप्स परत घेणं. तिघांनी वीस-वीस घातले असतील तर अर्ध्यात तीस येतात, नफा दहाचा. खरी कमाई दोन्ही वाटे उचलण्यात. म्हणून पहिल्या तीन पानांत एक्का-दुर्री-तिर्री तीन रंगांची आली तर खुशाल रेझ करा, म्हणजे बेट वाढवा. तीच एका रंगाची असली तर जरा हात आखडता. गुलामाच्या जोडीला सरळ पॅक, म्हणजे डाव सोडा.

पॉट विषम निघाला तर उरलेला एक चिप कोणाचा, हे पहिल्या वाटपाआधीच ठरवा. घरोघरी वाद याच्यावरूनच होतात. आणि चिप्स चिप्सच राहू द्या. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, पैसे लावून खेळायला हा संच आम्ही विकत नाही.

एखादं पान दुमडलं किंवा हरवलं तर डबा घेऊन दुकानात या. सुटं पान देत नाही, कारण पाठीचा रंग थोडा जरी वेगळा असला तरी झाकलेलं पान ओळखू येतं. पूर्ण कॅट बदलून देऊ.